कोरड्या पायऱ्या

सकाळचे आकडे लिहून झाले होते, चहा यायचा होता, आणि नकाशेवाले नव्या यंत्राच्या पडद्यापुढे वाकून माझी नदी बघत होते. त्यांचं खरं काम आतल्या नकाशांच्या खोलीत, पण निवृत्तीला चार महिने उरलेला माणूस कचेरीत कुठंही उभा राहू शकतो. ‘अहो,’ ते म्हणाले, ‘तुमच्या पहिल्या गावाची नदी जिन्यावरून येते वाटतं,’ आणि आपल्याच विनोदावर खुसखुसले. पडद्यावर पाच रेघा होत्या, पाच गावांच्या, सरत्या दोन महिन्यांच्या. खालच्या चार रेघा नदीला शोभतील अशा होत्या, कुठे फुगलेल्या, कुठे सुस्तावलेल्या. सगळ्यात वरची रेघ मात्र काही दिवस सपाट जायची, मग एकदम खाली उतरायची, पुन्हा सपाट, मग एकदम वर. मी हसले. नकाशेवाल्यांच्या विनोदावर हसायचं, ही आमच्याकडची जुनी पद्धत. हसता हसता माझ्या तळपायांना गार लागलं. पायांत मोजे होते, बूट होते, खाली कोरडी फरशी होती, आणि तरी गार लागलं, बोटांपासून घोट्यापर्यंत. पाय पाण्यात असल्याचं इतकं स्पष्ट जाणवलं की मी वाकून टेबलाखाली पाहिलं. मग मी वही उघडली आणि पहिल्या गावाचा रकाना बोटानं वाचत गेले. दोन चौतीस, दोन सोळा, दोन सोळा, एक अठ्ठ्याण्णव, एक ऐंशी, एक अठ्ठ्याण्णव. प्रत्येक आकड्याला अठरानं भाग जात होता. चहा आला, निवला, कपावर साय धरली. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. त्या गावातल्या आमच्या घाटाची एक पायरी अठरा सेंटिमीटर उंच आहे हे या जगात मोजून माहीत असलेलं एकच माणूस आहे, आणि ते मी आहे.

माझं काम सांगायला सोपं. शहराच्या वर या नदीवर पाच लहान गावं आहेत. प्रत्येक गावात पाण्यात रोवलेली एक पट्टी, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा, आणि ती वाचणारं एक माणूस. सकाळी सातला वाचायची, आठपासून मला फोन करायचा, ओळीनं, वरून खाली. पहिल्या गावात पाणी चढलं तर ती चढ दुसऱ्या गावाला पोचायला सात तास लागतात, तिथून तिसऱ्याला अकरा, चौथ्याला नऊ, पाचव्याला चौदा, आणि पाचव्यापासून आमच्या पुलाला दहा. एकूण एक्कावन्न तास. खुद्द पाणी याहून मागे रेंगाळतं, पुढे धावते ती चढ. हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात समजावलं होतं आणि मी मान डोलावली होती, कळलं मात्र पुष्कळ वर्षांनी, एकदा ओळ लिहिता लिहिता. एकाच सकाळी सातला वाचलेले पाच आकडे मी एका ओळीत लिहिते, आणि त्यातला प्रत्येक वेगळ्या दिवसाचा असतो. पाचव्या गावचा आकडा म्हणजे पहिल्या गावात परवा जे घडलं ते. पहिल्या गावचा आकडा म्हणजे आमच्याकडे परवा जे घडणार ते. कालची, परवाची, उद्याची अशा सगळ्या वेळा एकाच वेळी जमिनीवर आडव्या पसरलेल्या आहेत आणि मी त्यांची ओळ लिहितेय, हे लक्षात आलं तेव्हा मी लेखणी खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसले होते. बाजूच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, डोकं दुखतंय का. मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार.

पहिल्या गावची पट्टी वाचणारा माणूस म्हणजे माझे बाबा. छत्तीस वर्षं वाचतायत. घाटाच्या डोक्यावर दोन खोल्यांची चौकी, व्हरांड्यात भोंग्याचं बटण, आणि समोर सेहेचाळीस पायऱ्या थेट नदीत उतरलेल्या. मी तिथंच वाढले. मला लहानपणी मोजायचं वेड होतं. शाळेतून लाकडी फुटपट्टी आणून मी घरातलं सगळं मोजून काढलं, आईची वेणी, मांजराची शेपटी, बाबांचा जोडा, आणि मग एका सुट्टीत सेहेचाळीसच्या सेहेचाळीस पायऱ्या, पाणी उतरेल तसतशा. सगळ्या अठरा. बांधणारा कोण होता देव जाणे, एका पायरीत त्यानं केसाचा फरक ठेवला नव्हता. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी माझं नावच फुटपट्टी ठेवलं. पुढे मी शहरात शिकायला गेले, याच कचेरीत लागले, आणि ते म्हणाले, ‘आता तू कागदावरची नदी बघ, आम्ही आहोतच ओली बघायला.’ ते मला लागलं. मीही काहीतरी तोडून बोलले. आई होती तोवर ती दोघांच्या मध्ये बसून एकाचं दुसऱ्याला सांगायची. ती गेल्यावर, अकरा वर्षांपूर्वी, आमच्यात राहिला तो सकाळी आठचा आकडा. फोन वाजायचा, ‘दोन चौतीस,’ बाबा म्हणायचे, ‘दोन चौतीस,’ मी म्हणायचे, आणि फोन बंद. एकदा न राहवून मी विचारलं होतं, ‘बाबा, बरे आहात ना?’ पलीकडे बराच वेळ फक्त नदी ऐकू आली. मग ते म्हणाले, ‘आकडा लिहिला का?’ मी लिहिला म्हटलं. तेव्हापासून मी आकड्यावरूनच ओळखू लागले. आवाज कोरडा असला की सर्दी, आकडा दोनदा सांगितला की रात्री झोप नाही. अकरा वर्षं मी माझ्या बापाची तब्येत सेंटिमीटरमध्ये ऐकत आले, आणि त्यांना पट्टी दिसत नाही, ते पायऱ्या मोजून आकडा सांगतायत, हे मला कळलं नाही. ते कळायला नकाशेवाल्यांचा भिकार विनोद यावा लागला.

मी तसाच रकाना मागे चाळला. अठराचे आकडे तीन वर्षांपूर्वी सुरू झाले होते, अधूनमधून, आणि वर्षभरात सगळेच तसे झाले होते. ते एक वेळ चाललं असतं. पण गेल्या दीड महिन्यातलं काहीतरी आणखी खटकत होतं. दुसऱ्या गावच्या आकड्यावरून उलट हिशेब केला की पहिल्या गावात पाणी बाबा सांगतात त्यापेक्षा वर असायला हवं होतं, रोज, साधारण एका पायरीनं. आणि हा एका पायरीचा प्रश्न माझ्यापुरता नव्हता. पहिल्या गावाच्या खाली अर्ध्या तासावर नदीत एक बेट आहे. तिथं तेवीस माणसं झोपड्या घालून भाजी पिकवतात, त्यांच्याकडे होडी एकच. पाणी साडेचार मीटरला लागलं की बाबांनी भोंगा वाजवायचा, मग ती होडी फेऱ्या करणार. नदी रागावली की एक पायरी वीस मिनिटांत चढते. वीस मिनिटं म्हणजे होडीच्या दोन फेऱ्या, म्हणजे आठ माणसं. मी ते आठ माणसं कागदाच्या कडेला लिहिलं आणि लगेच खोडलं. कळवावं तर बाबांचं काम जाणार, कामाबरोबर चौकी, आणि माझा सकाळचा फोन. न कळवावं तर आठ माणसं. ‘नकाशेवाले,’ मी म्हटलं, ‘उद्या-परवाचे आकडे तुम्ही घ्याल का? मला जरा वर जायचंय.’ ते म्हणाले, ‘साहेबांकडे?’ मी म्हटलं, ‘नदीच्या वरच्या अंगाला.’

बस नदीच्या काठाकाठानं, तिच्या उलट जात होती. चौदा वर्षं मी या गावांचे आकडे लिहितेय, त्याआधीही कितीतरी वेळा या रस्त्यानं गेलेय, पण मान खाली घालून, पुस्तकात तोंड खुपसून. आता पहिल्यांदाच खिडकीला डोळे लावून बसले. पाचवं गाव आलं. इथं नदी इतकी रुंद आणि इतकी मंद की घरांनी तिच्याकडे पाठ केलेली, जणू वाट बघून कंटाळली असावीत. आणि हेच ते चौदा तास, हे मला दिसलं. मी ज्याला रोज चौदा लिहिते ते हे सपाट, पिवळसर, कुठं चाललंय ते कळू न देणारं पाणी. चौथ्या गावात बस एक पूल ओलांडून आत शिरली, बाजारातून गेली, आणि तोच पूल पुन्हा लागला की काय असं वाटलं. ‘दुसरा आहे,’ कंडक्टर म्हणाला, ‘नदी तीच. गावाला वळसा घालून येते. इथं पुढच्या पुलावरून टोपी पडली ना, तर धावायचं नाही. निवांत जेवायचं, आणि तीन तासांनी मागच्या पुलावर जाऊन उभं राहायचं.’ सगळी बस हसली. मी नाही हसू शकले. कागदावर मी या गावाला एक ठिपका दिला होता, आणि त्या ठिपक्याच्या पोटात तीन तास होते. बाजारात माणसं वांगी निवडत होती, सायकलीच्या चाकात हवा भरत होती, एक आजी नातवाच्या कानाला धरून त्याला घरी नेत होती, आणि त्यांच्या पुढच्या बाजूला जे पाणी अजून यायचं होतं तेच त्यांच्या पाठीमागून निघून चाललं होतं. यात त्यांना काही विशेष वाटत नव्हतं, त्यांचं तिथं रोजचं होतं.

तिसऱ्या गावात बस वीस मिनिटं थांबते. पुलाच्या टोकाला शिवणकामाचं दुकान, आतून एक बाई कुणाला तरी दटावत होती, ‘गुरुवार म्हणजे गुरुवार, बुधवारी मागायचं नाही.’ तो आवाज ऐकून मी जागच्या जागी उभी राहिले. चौदा वर्षं हा आवाज मला आठ वाजून दहा मिनिटांनी आकडा सांगतो. मी दारात जाऊन म्हटलं, ‘एक त्रेसष्ट?’ शिंपीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं, हातातली कात्री खाली ठेवली. ‘अगं बाई,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही म्हणजे आठ दहा?’ आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मला त्या जाड वाटल्या होत्या, त्या काटकुळ्या निघाल्या. त्यांना मी कशी वाटले होते कोण जाणे. त्यांनी मला खिडकीशी नेलं. खाली पुलाच्या खांबावर पट्टी होती, आणि पट्टीच्या पलीकडे दुसरी एक नदी येऊन आमच्या नदीला मिळत होती. ती तांबडी, आमची हिरवट. मिळून एक व्हायचं सोडून दोघी शेजारीशेजारी चालल्या होत्या, मध्ये सुरीनं कापल्यासारखी रेघ. ‘दोन मैल अशाच जातात,’ शिंपीणबाई म्हणाल्या, ‘एकीचं दुसरीशी बोलणं नाही.’ ‘मग?’ मी विचारलं. ‘मग काय, खाली खडक आहे. तिथं आपटतात दोघी. झाल्या एक.’ त्यांनी सुईत दोरा ओवला. ‘तुम्ही वर चालल्यात ना? पहिल्या गावच्या म्हाताऱ्याकडे?’ मी त्यांची मुलगी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी हो म्हटलं. बसनं हॉर्न दिला.

दुसऱ्या गावात मी उतरले नाही, पण तिथले मास्तर फोनवर एवढे का ओरडतात ते मला कळलं. तिथं नदी दोन कड्यांच्या मध्ये सापडते. रस्त्यावरच माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती. खिडकीची काच थरथरत होती, आणि थरथर माझ्या दातांपर्यंत येत होती. खाली पांढरं पाणी, खडकाला धडकून उभं राहणारं, पुन्हा पडणारं. हीच बाई पाचव्या गावात तशी आळसावून पडली होती, यावर विश्वास बसेना. मी कागदावर तिला एकच रंग दिला होता, निळा, एकाच जाडीचा. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेत आनंदही होता, एवढं मोठं काहीतरी मला कधीच पुरतं कळणार नाही याचा. बाबा मला कागदावरची नदी बघ म्हणाले होते ते खरंच होतं म्हणायचं. पण मी नसते तर पाच गावांतल्या या पाच नद्या एकमेकींना माहीत तरी झाल्या असत्या का, असाही एक हट्टी विचार आला. मी तो जाऊ दिला नाही.

पोचले तेव्हा संध्याकाळ उतरली होती. बाबा व्हरांड्यात बसले होते, तोंड नदीकडे. मी फाटकाची कडी काढली. ‘फुटपट्टी,’ ते म्हणाले. मी एक शब्द बोलले नव्हते. ‘कशावरून?’ मी विचारलं. ‘तू कडी काढून पुन्हा लावून बघतेस. लहानपणापासून.’ आत अंधारलं होतं. त्यांनी चहा ठेवला, कप काढले, साखरेचा डबा उघडला, सगळं न चाचपडता, आणि मग काहीतरी आठवल्यासारखं म्हणाले, ‘दिवा लाव, तुला हवा असला तर.’ मी दिवा लावला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या जरा डावीकडे पाहिलं. ‘किती दिसतं, बाबा?’ ‘उजेड आहे की नाही एवढं.’ ‘मला का नाही सांगितलं?’ ते कप फुंकत राहिले. ‘सांगितलं असतं तर आठ वाजता कुणी दुसऱ्यानं फोन केला असता,’ ते म्हणाले. एवढंच. अकरा वर्षं मला वाटत होतं की आकडा हे त्यांचं न बोलण्याचं निमित्त आहे. मी कपाच्या दांडीकडे बघत बसले, कारण वर पाहिलं असतं तर मी रडले असते, आणि त्यांना ते दिसणार नसलं तरी ऐकू आलं असतं.

सकाळी पावणेसातला आम्ही घाटावर आलो. चौकीच्या शेजारी गावचं पोस्ट, पोस्टातल्या बाई झाडत होत्या. त्यांनी मला पाहिलं, बाबांना पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की सगळ्या गावाला माहीत आहे आणि सगळ्या गावानं तोंड मिटून ठेवलंय. बाबांनी जोडे काढले, कठड्याला हात लावला, आणि उतरू लागले. मी मागे. ते मोठ्यानं मोजत नव्हते, पण त्यांचे ओठ हलत होते. मधल्या पायऱ्यांवर झिजून खळगे पडलेत, तिथं त्यांचा पाय आपोआप कडेला जायचा. उजवीकडे समोरच्या काठावर धुकं होतं. नदी अरुंद, काळसर, फारसा आवाज न करणारी, एवढीशी. ही पुढे जाऊन ते सगळं करणार होती, कड्यांत ओरडणार होती, गावाला वळसा घालणार होती, आणि इथं तिला त्याचा पत्ता नव्हता. की होता? बाबा थांबले. उजवा पाय पुढच्या पायरीवर ठेवला, पाण्यात, आणि डोळे मिटले. मिटायची गरज नव्हती, तरी मिटले. किती वेळ गेला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही, एखादं माणूस दाराला कान लावून आतल्या झोपलेल्या मुलाचा श्वास ऐकतं ना, तसलं काहीतरी. ‘रात्री वर कुठंतरी पाऊस झालाय,’ ते म्हणाले. ‘बारीक रेव लागतेय पायाला. संध्याकाळपर्यंत चढेल, पायरीभर.’ मग आवाज बदलून, फोनवरच्या आवाजात, ‘पस्तीस कोरड्या. सेहेचाळीसातून पस्तीस गेल्या, अकरा. एक अठ्ठ्याण्णव.’ ‘दोन पायऱ्यांमधलं नाही सांगत?’ मी विचारलं. ‘मधलं कळतं. पण खात्रीनं जेवढं सांगता येतं तेवढंच सांगावं.’

मी पट्टीकडे पाहिलं. दोन एकवीस. पाच सेंटिमीटर त्यांच्या पायावरचं पाणी होतं, ते मला दिसत होतं. उरले अठरा. मग मी वर वळून पायऱ्या मोजल्या, धडधडीत डोळ्यांनी, बोट नाचवत. पस्तीस. पुन्हा मोजल्या, पस्तीसच. बाबांचं मोजणं बरोबर होतं, पट्टीही बरोबर होती, आणि दोघांत एक पायरी जास्तीची होती. क्षणभर मला वाटलं की माझं बालपणच चुकलंय, मी त्या सुट्टीत सेहेचाळीसच्या जागी सत्तेचाळीस मोजायला हव्या होत्या. मी एकेक पायरी बघत वर चढले. काळा दगड, काळा दगड, झिजलेल्या कडा, शेवाळाचे डाग. आणि सगळ्यात वर, पोस्टाच्या पुढ्यात, एक पायरी करड्या रंगाची, गुळगुळीत, कोपरे धारदार. सिमेंटची. ‘ही कधी झाली?’ मी पोस्टातल्या बाईंना विचारलं. ‘दीड महिना झाला,’ त्या म्हणाल्या. ‘रस्ता उंच केला ना, मग उतरायला एक पायरी कमी पडायला लागली. एका दुपारीत करून गेले.’ मग त्यांचा हात तोंडावर गेला. बाबा खालून वर येत होते. ‘काय झालं?’ त्यांनी विचारलं. मी त्यांचा हात धरून त्यांना शेवटच्या पायरीशी बसवलं आणि त्यांचा तळवा त्या सिमेंटवर ठेवला. त्यांनी कड चाचपली. मग खालची, दगडाची. मग पुन्हा वरची. मला वाटलं ते चिडतील. त्यांचं बोट त्या धारदार कोपऱ्यावरून पुढे मागे फिरत राहिलं. ‘मला वाटलं त्या दिवशी पाणी एक पायरी उतरलं,’ ते अखेर म्हणाले. ‘छत्तीस वर्षांत नदीनं मला एकदाही फसवलं नाही, फुटपट्टी. आणि रस्त्यानं फसवलं.’

मी म्हटलं, ‘कोरड्यांतली एक वजा केली की झालं. कुणाला कळायचं कारण नाही. मी तिथं आहेच.’ म्हणताना मला माहीत होतं की मी काय म्हणतेय. मी चौदा वर्षं एक आकडा खोटा लिहिला नव्हता, आणि आता रोज एक लिहायला तयार होते, फोनसाठी. बाबांनी मान हलवली. ‘आज रस्त्यानं पायरी वाढवली. उद्या एखादी खचेल, ती मला कुठं दिसणार आहे? बेटावर तेवीस माणसं आहेत. त्यातली दोन तर अजून दुधावर आहेत.’ ‘चौकी जाईल, बाबा.’ ‘जाऊ दे.’ ‘मग माझ्याकडे चला.’ ‘तुमच्याकडे नदीला पायऱ्या आहेत?’ आमच्याकडे नदीला भिंत आहे, लोखंडी कठडा आहे, पुलावरून खाली पाहावं लागतं. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, ‘पोस्टामागची खोली रिकामी आहे. तिथून घाट जवळच. आणि आकडा मी सांगत जाईन, मला पट्टी दिसते, इथं उभ्या उभ्या दिसते. तीन वर्षं म्हणतेय यांना. ऐकतील तर शपथ.’ बाबा बसल्या जागी जरा ताठ झाले. ‘घ्या लिहून,’ ते मला म्हणाले, मला, अहोजाहो करत, कचेरीला करावं तसं. ‘दोन एकवीस. आणि खाली लिहा, पट्टीवाचकाला दिसत नाही.’ मी वहीत लिहिलं. माझ्या हातानं. आठ वाजले तेव्हा पोस्टातल्या बाईंनी पोस्टातून फोन लावला, आणि एक्कावन्न तास खाली नकाशेवाल्यांनी तो आकडा उतरून घेतला.

चौकीतून पोस्टामागच्या खोलीत सामान न्यायला दोन तास पुरले, त्यातला एक तास ते मला काय काय कुठं ठेवायचं ते सांगत होते. संध्याकाळी पाणी पायरीभर चढलं. आम्ही तिघं घाटावर उभे होतो. बाबा पाण्यात एक पाय ठेवून उभे राहिले, आणि पाणी त्यांच्या घोट्यावर चढताना मी पाहिलं, सावकाश, कुणाचीही परवानगी न घेता. मी आजवर चढ लिहिली होती, येताना कधी पाहिली नव्हती. ‘सात वाजले का?’ बाबांनी विचारलं. वाजत आले होते. ‘बघ आता,’ ते म्हणाले, ‘ही पायरी मी तुझ्याकडे पाठवतोय.’ मी सकाळच्या बसनं निघाले. बस नदीच्या बरोबरीनं खाली जात होती, आणि वाटेत कुठंतरी, तिसऱ्या आणि चौथ्या गावाच्या मध्ये, ती चढ मी मागे टाकली असणार. मी खिडकीतून डोकं काढून बघत होते, काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी आठ वाजता पोस्टातल्या बाईंचा फोन आला, ‘दोन एकोणतीस.’ स्वच्छ, नेमका, अठरानं भाग न जाणारा आकडा. मी लिहिला. मग शिंपीणबाई, चढ उतरत आली म्हणाल्या, आणि जाता जाता, ‘भेटलात का म्हाताऱ्याला?’ ‘माझे बाबा आहेत ते,’ मी म्हटलं. त्यावर त्या एवढ्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

एक्कावन्न तास त्या रात्री दहाला पुरे होत होते. त्या वेळी मला पुलावर जाऊन काही दिसलं नसतं, म्हणून पाणी उतरायच्या आत, दुसऱ्या दिवशी पहाट फटफटताच गेले. माणसं फिरायला निघाली होती, दूधवाले सायकलींवरून चालले होते, कुणीही नदीकडे बघत नव्हतं. मी कठड्यावरून वाकले. पुलाच्या खांबावर आमची पट्टी आहे, ती रोज शिपाई वाचून आणतो, मी चौदा वर्षांत वाचली नव्हती. कालच्या ओल्या रेघेच्या वर नवी ओली रेघ होती, चार बोटं. कड्यांतून आपटून आलेली, तांबड्या पाण्याला मिळालेली, गावाला वळसा घालून, त्या लांबलचक आळशी मैदानात चौदा तास घालवून, इथवर आलेली. मी पोस्टाला फोन लावला. बाईंनी बाबांच्या हातात दिला. मी म्हटलं, ‘पोचली.’

‘किती?’

‘चार बोटं. सात सेंटिमीटर.’

पलीकडे नदी ऐकू येत होती. ‘मी तर सबंध पायरी पाठवली होती,’ बाबा म्हणाले. ‘बाकीची वाटेत गावांनी ठेवून घेतली असेल.’ मला माहीत होतं की ते कठड्याला हात लावून उभे आहेत, आणि तोंड नदीकडे आहे. ‘बरी आहेस ना?’ त्यांनी विचारलं.

पुलाखालून ते पाणी चाललं होतं, चार बोटं जास्तीचं.

‘आधी आकडा लिहून घ्या,’ मी म्हटलं.